शाईची बाजू

गुडघा कसा आहे म्हणून विचारलं, तर दादाचं उत्तर येत नसे. खोली कशी मिळाली, स्वयंपाक स्वतः करतोस की डबा लावलास, खोकला गेला का, असल्या पत्रांनाही नाही. पण ‘प्लेट नंबर अमुक, एक्सपोजर किती वाजता सुरू केलं होतंस, लॉगबुकात शाई फुटली आहे’ एवढंच विचारलं, की पाचव्या दिवशी कार्ड हजर. एका बाजूला पत्ता, दुसऱ्या बाजूला एक ओळ: ‘आठ वाजून चौदा मिनिटं, सतरा नव्हे.’ सहीसुद्धा नाही.

सात वर्षांत अशी एकोणीस कार्डं आली. त्यांतल्या पाच-सहा वेळा लॉगबुकातला आकडा खरोखरच पुसट होता. बाकीच्या वेळी तो चांगला ठळक होता, आणि हे दादालाही कळत असावं, कारण एका कार्डावर त्यानं लिहिलं होतं, ‘लॉगबुकात आहे. चष्मा लाव.’ ते कार्ड बहिणीनं गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवलं होतं. त्यात दोन वाक्यं होती.

या बहिणीला वेधशाळेत सगळे भिंगबाई म्हणत. तिचं काम प्लेटखोलीत. टेकडीवरच्या घुमटात रात्री दुर्बिणीतून आकाशाचे फोटो निघत, ते कागदावर नव्हे, काचेच्या प्लेटवर. वहीच्या पानाएवढी काच, तिच्या एका अंगाला फोटोचं रसायन, दुसरं अंग कोरं. काचेवर आकाश उलट रंगात उमटतं, म्हणजे रात्र स्वच्छ आणि तारे काळे. तारा असेल तर त्याचा ठिपका पडतो. पण मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात सूर्याभोवती फिरणारा एखादा लघुग्रह चौकटीत सापडला, तर पाऊण तासाच्या एक्सपोजरमध्ये तो जरासा सरकतो, आणि ठिपक्याच्या जागी बारीक रेघ उमटते. पापणीच्या केसाचा तुकडा पडावा, तेवढी. ती रेघ भिंगातून शोधायची, काचेच्या कोऱ्या अंगाला शाईनं तिच्याभोवती वर्तुळ काढायचं, शेजारी नंबर, शंका असली तर प्रश्नचिन्ह. मग तिची जागा मोजून, वेळेसकट, लघुग्रहांचा हिशेब ठेवणाऱ्या परदेशातल्या केंद्राला कळवायची. म्हणून वेळ महत्त्वाची. लघुग्रह कुठं होता हे सांगताना तो कधी होता हे सांगितलं नाही, तर काहीच सांगितलं नाही असं होतं.

काचा काढणारा दादा. ऑफिसात त्याला घुबडराव म्हणत, आणि तो ती पदवी असल्यासारखी मिरवत असे. भाऊ-बहीण एकाच क्वार्टरमध्ये राहायची, पण त्यांची गाठ पडायची ती सकाळी सातला, दारात. तो चपला काढत असायचा आणि ती घालत असायची. तेवढ्यात दोघं भांडूनही घेत. रविवारी मात्र दुपारचं जेवण समोरासमोर बसून व्हायचं, आणि ते चांगलं तासभर चालायचं.

भिंगबाईची खुर्ची तिच्याआधी वहिनीची होती. दादाची बायको. आठ-नऊ वर्षं वहिनीनं त्या खुर्चीत बसून भिंगाला डोळा लावला, आणि मग आजार असा झटपट आला की रजेचा अर्जसुद्धा तिच्यामागून पोचला. त्याला आता अठरा वर्षं झाली. वहिनीनंतर तिथं बसायला कोणी मिळेना, तेव्हा दादानं बहिणीला आणून बसवलं. कॉलेजचं तोंड न पाहिलेली बाई. तिला शिकवणारंही कोणी नव्हतं. ती जुन्या काचा खिडकीशी धरायची, वहिनीनं कशाभोवती वर्तुळ काढलंय ते बघायची, आणि का काढलं असेल ते ओळखायची. वहिनीचं अक्षर बारीक, जरा डावीकडे कललेलं, मात्रा नेहमी उशिरा आठवल्यासारख्या लांब दिलेल्या. त्या अक्षरांनी तिला काम शिकवलं.

चार वर्षांत तिची नजर अशी तयार झाली की दादाच्या दोन काचांवर, तीन रात्रींच्या अंतरानं, तिला एक अशी रेघ सापडली जी यादीतल्या कुठल्याच लघुग्रहाशी जुळेना. नवीन निघाला. ऑफिसात त्याला ‘खडा’ म्हणू लागले, ‘तुमचा खडा काय म्हणतो’ असं विचारू लागले. खडा सूर्याभोवतीची एक फेरी चार वर्षं चार महिन्यांत पुरी करतो, पण पृथ्वीही फिरत असल्यामुळे तो आपल्या बरोबर समोर येतो दर साडेपंधरा महिन्यांनी. असा तो चार वेळा समोर येईपर्यंत दोघांनी त्याचा पिच्छा पुरवला. मग कक्षा पक्की झाली, केंद्रानं त्याला कायमचा पाच आकडी नंबर दिला, आणि नंबराबरोबर एक पत्र. नाव सुचवण्याचा पहिला मान शोधणाऱ्यांचा. मुदत दहा वर्षं. वेधशाळेनं आपल्या पद्धतीनं त्यात भर घातली, की दोघांच्या नावावर शोध असेल तर फॉर्मवर दोघांच्या सह्या हव्यात.

पहिली तीन वर्षं नुसती टोलवाटोलवीत गेली. “ठरवू की, खडा कुठं पळून जातोय,” असं दादा म्हणायचा. पळून जाण्यासारखं त्याच्याकडे काहीच नव्हतं हे खरं. पण दोघांच्याही मनात एकच नाव होतं, आणि ते आधी दुसऱ्यानं काढावं म्हणून दोघंही रविवारी भाताकडे बघत बसायची.

आणि मग ती सफाई झाली.

नवीन संचालक आले, त्यांनी सगळ्या जुन्या काचा स्कॅन करून कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं. स्कॅनरला शाई चालत नव्हती. तारे झाकले जातात म्हणे. भिंगबाईला हुकूम झाला, कोरी बाजू पुसून द्या. तिनं आधी प्रत्येक काचेवरची प्रत्येक खूण रजिस्टरात उतरवून घेतली, कुठं वर्तुळ, कोणता नंबर, कुठं प्रश्नचिन्ह. कामात तिनं कसर ठेवली नाही. मग स्पिरिटचा बोळा आणि मऊ फडकं घेऊन चार महिन्यांत सव्वीसशे काचा लख्ख केल्या. दादा दिवसा झोपलेला असायचा. त्याला विचारायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. सव्वीसशे काचांवरच्या खुणांची नोंद झाली होती, पण वहिनीचं एकही अक्षर राहिलं नव्हतं, हे तिला कळलं ते एका दुपारी दादा अवेळी उठून प्लेटखोलीत आला तेव्हा. तो अधूनमधून एकटाच येऊन काचा बघत असे, हेही तिला त्याच दिवशी कळलं. त्यानं एक काच काढली, खिडकीशी धरली. उलटी करून धरली. ती ठेवून दुसरी काढली. मग तो बराच वेळ फडताळ धुंडाळत राहिला. शेवटी हात झाडून निघून गेला.

ओरडला असता, तर निभावलं असतं. तो एक शब्द बोलला नाही, आणि महिन्याभरात बदली मागून समुद्राकाठच्या हवामान केंद्रात निघून गेला. बसनं पाच तास.

तेव्हापासून ही कार्डं. माफी मागणारी पत्रं तिनं किती लिहिली, त्याचा पत्ता पोस्टालाच माहीत. मग तिनं ओळखलं, की हा माणूस बहिणीला उत्तर देणार नाही, पण चुकीची वेळ कागदावर राहू देणंही त्याला जमणार नाही. रात्रीचं काम तीस वर्षं केलेल्या माणसाचं ते जित्याचं वळण. तेवढी एक फट उघडी होती, आणि ती बाई त्या फटीला डोळा लावून बसली होती.

यंदा हेडक्लार्क फॉर्म घेऊन स्वतः प्लेटखोलीत आले. सज्जन माणूस, पण तारखांच्या बाबतीत कसायासारखा.

“बाई, चाळीस दिवस उरलेत,” ते म्हणाले. “एकेचाळिसाव्या दिवशी तुमच्या खड्याचं नाव कोणीही ठेवू शकतं. आमचे मेहुणेसुद्धा.”

मेहुण्यांना खगोलशास्त्र येतं का, असं तिनं विचारलं. नावं ठेवता येतात, हेडक्लार्क म्हणाले, जन्मभर तेच केलंय त्यांनी.

ती हसली, पण फॉर्म टेबलावर राहिला आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. नावाचं तिला तितकं पडलं नव्हतं. खडा बिननावाचा राहिला म्हणून त्याची फेरी एका मिनिटानं चुकणार नव्हती. पण भावाच्या-तिच्या मध्ये दोघांनी मिळून करायचं असं एवढंच एक काम शिल्लक होतं. मुदत गेली की तेही गेलं. मग दोघांत उरणार काय, तर पुसट नसलेले आकडे. नावाबद्दल तिनं आजवर नऊ पत्रं लिहिली होती, दहावं लिहून काही होणार नव्हतं. बोलावून तो आला नसता. त्याला आणायचं तर कामच काहीतरी हवं होतं, आणि ते काम खरं हवं होतं.

तेव्हा तिनं उलटी वाट धरली. खड्याची कक्षा आता इतकी पक्की होती की तो मागं कधी कुठं होता, हेही काढता येत होतं. सापडायच्या आधीही तो होताच. त्याला काय, कोणी बघतंय म्हणून फिरत नव्हता. परदेशातल्या केंद्राकडून तिनं जुन्या तारखांच्या जागा मागवल्या, लॉगबुकं काढली, आणि ज्या काचांवर तो नकळत आलेला असू शकेल अशा काचांची यादी केली. अकरा निघाल्या. त्यातली एक जरी लागली, तर दादाला वेळ विचारता येणार होती आणि कोणालाही ते निमित्त म्हणता आलं नसतं.

दहा काचा फडताळात होत्या, तिनंच पुसलेल्या, आरशासारख्या. त्यांवर काही नव्हतं. काहींवर ढगांनी घोळ केला होता, काहींवर खडा चौकटीच्या जेमतेम बाहेर राहिला होता. अकरावी जागेवर नव्हती. रजिस्टरात तिच्यापुढे ‘तडा’ असं लिहिलेलं. तडा गेलेल्या काचा स्कॅनरला चालत नसत, म्हणून त्या कधीच वेगळ्या काढून जिन्याखालच्या पेटीत उभ्या करून ठेवलेल्या होत्या. त्या पुसायला तिच्याकडे आल्याच नव्हत्या. हे लक्षात आलं तेव्हा ती जिन्याखाली पेटीपुढे चक्क मांडी घालून बसली. शिपाई विचारून गेला, बाई, बरं वाटत नाही का.

पेटीत नऊ काचा होत्या. आठांवर खुणा नव्हत्या. नवव्या काचेला खालच्या कोपऱ्यापासून मधोमध तडा होता, काच सव्वीस वर्षांपूर्वीची होती, आणि तिच्या कोऱ्या अंगाला शाई होती.

तिनं ती भिंगाखाली ठेवली आणि आकडेमोडीनं सांगितलेल्या जागेवर आणली. रेघ होती. फिकट, पण होती, बरोबर त्या दिशेला कललेली आणि बरोबर तेवढ्या लांबीची. तिच्याभोवती वहिनीनं नीट वर्तुळ काढलेलं होतं. आणि वर्तुळाशेजारी, डावीकडे कललेल्या बारीक अक्षरात, एक शब्द: ‘डाग’. त्याच्याआधी काहीतरी खोडलेलं होतं. टाक फिसकटला असेल.

म्हणजे खडा सापडायच्या बारा वर्षं आधी वहिनीनं तो पाहिला होता. पाहिला, वर्तुळ काढलं, आणि रसायनाचा डाग समजून सोडून दिला. भिंगबाई भिंगावरून डोळा न काढता बसून राहिली. आधी तिला त्या अक्षरालाच हात लावावासा वाटला. मग तिनं हात मागं घेतला, कारण आता तिला आपल्या बोटांचाच भरवसा वाटेना. आणि मग पेच लक्षात आला.

तिच्याकडून काही सुटलं, की दादा पहिल्यापासून एकच म्हणायचा, ‘तुझ्या वहिनीच्या नजरेतून सुटलं नसतं.’ चिडवायला म्हणे, पण खरंही मानायचा. अठरा वर्षं त्यानं त्या नजरेवर धूळ बसू दिली नव्हती. आता त्याला वहिनीचं उरलेलं अक्षर दाखवायचं, तर त्याच्याबरोबर वहिनीची चूकही दाखवावी लागणार. आधी हिनं तिचं लिहिलेलं पुसलं, आता तिची चूक शोधून पाठवते, असं त्याला वाटलं तर? न सांगावं, तर अक्षर एकटीनंच ठेवून घेतल्यासारखं. नुसती वेळ विचारावी आणि शाईचा उल्लेख गाळावा, असंही एकदा मनात आलं. पण गाळणं म्हणजे पुन्हा पुसणंच की.

दोन दिवस तिनं कागद कोरा ठेवला. तिसऱ्या दिवशी नेहमीसारखं कामाचं पत्र लिहिलं. प्लेटचा नंबर, तारीख, एक्सपोजर कधी सुरू आणि कधी बंद ते कळवावे. खाली शेरा: ‘या काचेवर आपला लघुग्रह आहे. त्याच्याभोवती शाईचे वर्तुळ व शेजारी “डाग” असा शब्द आहे. अक्षर वहिनीचे. काच पुसलेली नाही.’

पाचव्या दिवशी कार्ड आलं नाही. दहाव्या दिवशी नाही. असं सात वर्षांत कधी झालं नव्हतं. ती फटही मिटली, आपल्याच हातानं मिटली, असं धरून ती चालली. हेडक्लार्कनी रोज दारात येऊन बोटांनी दिवस दाखवायचं चालू ठेवलं, ते एका हाताच्या बोटांवर आल्यावर मात्र दाखवायचं सोडून दिलं. ते तिला जास्त लागलं.

शेवटच्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला ती भिंगाला डोळा लावून बसली होती. दार वाजलं नाही, नुसतं उघडलं.

“काच कुठाय?” दादा म्हणाला.

सात वर्षांनी पहिला शब्द. तो वाळला होता, कानांवरचे केस पांढरे झाले होते, आणि समुद्राकाठी राहून चेहऱ्याला उन्हाचा रंग आला होता, तो त्याला अजिबात शोभत नव्हता. ती उठली, खुर्ची त्याला दिली. काच लावली. त्याला भिंग नीट जुळवता येईना, रात्री काचा काढणाऱ्या माणसाला दिवसाचं यंत्र कुठलं यायला, तेव्हा तिनं त्याच्या खांद्यावरून हात घालून चाक फिरवलं. त्याच्या शर्टाला बसचा वास होता.

तो पुष्कळ वेळ बघत होता. मग डोळा न काढता म्हणाला, “खोडलंय ते वाचलंस का?”

“टाक फिसकटलाय ना?”

“नाही.”

त्यानं सांगितलं ते असं तुटक तुटक, भिंगाकडे तोंड करूनच. त्या साली कोऱ्या काचांचा एक खोका त्यानं आळसानं घुमटाच्या जमिनीवर ठेवला आणि त्याला ओल लागली. निम्म्या काचांवर केसासारखे डाग यायला लागले. ही गोष्ट त्यानं कोणाला सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा नाही. एक दिवस भर दुपारी वहिनी प्लेटखोलीतून धावत क्वार्टरवर आली आणि त्याला गदागदा हलवून म्हणाली, उठ, पाहुणी आलीय. यादीत नसलेली रेघ दिसली, की ती तिला पाहुणी म्हणायची. घरातल्या घरात. वहीत कधी लिहायची नाही, साहेब लोक हसतील म्हणून. त्याच आकाशाची दुसरी काच आज रात्री काढ, म्हणाली. एका काचेवरच्या रेघेला कोणी विचारत नाही, दुसरी हवी.

“आणि मी डोळेसुद्धा उघडले नाहीत,” दादा म्हणाला. “डाग आहे तो, म्हटलं. झोपू दे.”

संध्याकाळी तिनं काच आणून पुन्हा विचारलं. तेव्हा काच बघायची तर खोक्याचं कबूल करावं लागलं असतं. त्यानं काच तिच्या हातातून घेतली आणि टेबलाच्या कडेवर ठेवली. आपटली म्हटलंस तरी चालेल, तो म्हणाला. तडा तेव्हाचा. वहिनीनं काच परत नेली. पाहुणी लिहिलं होतं ते खोडलं, डाग लिहिलं. पुढं तिला कितीतरी रेघा सापडल्या, पण त्याच्याजवळ पाहुणी हा शब्द तिनं पुन्हा काढला नाही.

भिंगबाई उभीच होती. बसायला दुसरी खुर्ची नव्हती.

“तू काचा पुसल्यास ना,” दादा म्हणाला, “त्या दिवशी मी हीच शोधत होतो. जागेवर नव्हती. मला वाटलं, पुसून कुठं दिली असशील. आणि ठमे, मला बरं वाटलं. म्हटलं, चला, गेली एकदाची. बाकी सगळ्या काचांवरचं तिचं अक्षर गेलं त्याचं काही नाही, ही गेली म्हणून बरं वाटलं. मग तुझ्यासमोर बसून जेवायचं कुठल्या तोंडानं?”

सात वर्षं तिनं आपल्या बाजूचं बोलणं घोटून ठेवलं होतं. सुरुवात, मधलं, शेवट, सगळं तयार होतं. आता त्यातलं एकच वाक्य निघालं. “दादा, मी तुला विचारायला हवं होतं.”

“हो,” तो म्हणाला. “हवं होतं.”

त्यानं तिला सोडलं नाही याचं तिला, कोण जाणे का, हायसं वाटलं.

हेडक्लार्क कुठून तरी वर्दी लागून फॉर्म, पेन आणि तीन चहा घेऊन आले. पाच वाजता ऑफिस बंद, त्याआधी फॉर्म स्कॅन करून पाठवायचा, नाव सोळा अक्षरांच्या आत, कुत्र्या-मांजरांची नावं समितीला आवडत नाहीत, असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. दादानं एक्सपोजरची वेळ आधी लिहून दिली, सात बावन्न ते आठ सदतीस, लॉगबुक न बघता. मग फॉर्म ओढला, नावाची ओळ कोरी ठेवली आणि थेट खाली सही केली.

“नाव?” हेडक्लार्क म्हणाले.

“ते ही भरेल. काय भरायचं ते भरू दे. मला विचारायचं कारण नाही.” आणि चहा अर्धा टाकून तो उठला. चार वीसची बस होती, ती चुकली तर सकाळी हवामान केंद्रात कोणी नव्हतं. दारात तो थांबला, काचेकडे बघितलं, आणि गेला.

ती त्याच्या सहीसमोर बसली. वरची ओळ कोरी. आता काहीही लिहिलं तरी ते त्याच्या सहीवर जाणार होतं. दोघांच्या मनात होतं ते वहिनीचं नाव लिहिलं असतं, तरी त्यानं ब्र काढला नसता. पेन उघडून तिनं पहिलं अक्षर मनाशी म्हणून पाहिलं, तेवढ्यात तिचा हात थांबला. न विचारता एकदा केलं होतं. त्यानं विचारू नको म्हटलं म्हणून आता विचारायचं नाही, असं कुठं होतं?

चारला नऊ मिनिटं असताना ती फॉर्म घेऊन टेकडी उतरायला लागली. हेडक्लार्क मागून घड्याळ दाखवत राहिले. पन्नाशीच्या बाईनं उतारावर पळू नये, आणि ती पळत नव्हतीही, पण चालत होती असंही कोणी म्हटलं नसतं. फाट्यावर बस लवकर येऊन उभी होती, इंजिन चालू. दादा पश्चिमेकडच्या खिडकीशी बसला होता. तिला बघून त्यानं काच सरकवली.

“काय झालं?”

“विचारायला आले.” तिला दम लागला होता. “पाहुणी लिहू?”

पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली. कंडक्टरनं, ताई, बसायचं का, असं विचारलं, आणि नाही म्हटल्यावर, मग बाजूला व्हा, असं म्हटलं. ती बाजूला झाली नाही.

“तिचा शब्द होता तो,” शेवटी दादा म्हणाला. “मीच तोंडातून काढून घेतला तिच्या.”

“म्हणून विचारतेय.”

“लिही.”

बसच्या पत्र्यावर फॉर्म टेकवून तिनं लिहिलं. पत्रा इंजिनानं थरथरत होता, अक्षर काही सुबक आलं नाही. दादानं खिडकीतून हात काढून कागद घेतला, लांब धरून वाचला. हातभर लांब धरूनसुद्धा त्याला वाचायला वेळ लागला. मग परत दिला.

“आत्ता कुठाय ती?”

हे तिनं कालच काढून पाहिलं होतं, कोणी विचारलं नसताना. “समोरच. सव्वीस वर्षं, सहा फेऱ्या पुऱ्या. तेव्हा होती त्याच ताऱ्यांत आहे. सूर्य मावळला की पूर्वेला उगवेल.”

उगवेल म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसेल असं नव्हे. तिला बघायला मोठी दुर्बीण लागते, आणि टेकडीवरचा घुमट तीन वर्षांपासून बंद होता. हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून दोघांपैकी कोणी ते बोललं नाही. कंडक्टरनं घंटी दिली.

बस वळणाकडे निघाली. मागच्या काचेतून तिला दादा दिसला. तो सीटवरून उठला, वरचा दांडा धरत धरत, गुडघा सांभाळत, आणि पलीकडच्या, पूर्वेकडच्या खिडकीशी जाऊन बसला.